रजेच्या जागेवरच्या आम्ही दोघी

लेकीकडे आयर्लंडमध्ये ल्यूकनला मी तीन महिन्यांसाठी गेले होते. फेब्रुवारी दोन हजार वीस. बॅगेत तीन महिन्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, तीन महिने पुरेल एवढी भाजणी आणि जावयासमोर तीन महिने टिकेल एवढा शहाणपणा. तिसरी गोष्ट आठवड्यात संपली. मी परतले ती दोन हजार एकवीसच्या ऑक्टोबरात.

त्या घरात वर जिन्याला लागून एक खोली आहे. एक पलंग टाकला की दार जेमतेम उघडतं. मला वाटलं ती माझ्यासाठी ठेवलीय. पाहते तर तिथे आधीच एक बाई! अर्जेंटिनाची. तिशीच्या आतबाहेरची, केस कानापर्यंत कापलेले, पायात घरातही लोकरीचे जाड मोजे. लेकीने ती खोली तिला भाड्याने दिली होती, आणि माझी रवानगी सहा वर्षांच्या नातीच्या खोलीत, बंक बेडच्या खालच्या मजल्यावर.

खोलीत इंटरनेट नीट येत नाही म्हणून ती मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची. सकाळी साडेसातपासून. हातात एक छोटा वाळका भोपळा, त्यात गवतासारखा हिरवा पाला, वर गरम पाणी आणि एक धातूची नळी. ते ओढत काम चालायचं. त्या पेयाला माते म्हणतात. मी पहिले दोन दिवस समजले, ही देवीला हाक मारतेय.

"सुट्टीवर आलीय म्हणता, आणि उजाडल्यापासून कामाला जुंपलेली. ही कसली सुट्टी?" मी जावयांना विचारलं.

"तिचा व्हिसाच तसा आहे, आई. वर्किंग हॉलिडे. काही ठरावीक देशांतल्या तरुणांना वर्षभराचा मिळतो. देश फिरा, आणि खर्चापुरतं काम करा."

"आपल्या पोरांना मिळतो?"

"नाही."

"का बरं?"

"आपण फिरायला म्हणून आलो की घर घेऊन बसतो, हे त्यांना कळलंय," लेक गॅसपाशी उभी राहून म्हणाली.

या व्हिसावर आलेली पोरं म्हणे बारमध्ये ग्लास धुतात, हॉटेलांत पलंग आवरतात, पैसे साठले की समुद्र बघायला निघतात. ही मात्र आपल्या देशात सात-आठ वर्षं प्रोग्रॅमिंग केलेली. तिला काम हवं होतं ते तिच्याच विद्येचं. ते तिला मिळालंही, पण एका एजन्सीमार्फत, तीन-तीन महिन्यांच्या करारावर. चेरीवूडमधली एक कंपनी होती, दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी. गोठ्यागोठ्यांतून टँकर दूध गोळा करतो, आपल्याकडे फॅट लावतात तसं तिथेही लावतात, आणि ते आकडे रात्री कंपनीत येतात. टँकरचे आकडे आणि डेअरीचे आकडे सकाळी जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत ते शोधायचं. हे तिचं काम. कंपनीतल्या कायम लोकांना ते नको असायचं, कारण ते सकाळी असायचं.

तिला आयर्लंडमध्ये राहायचं होतं. का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "तिकडे मला काम आहे, आज्जी. पण पगार हातात येतो आणि महिना संपेपर्यंत त्याचं पाणी होतं. मी तिकडचं सगळं विकून आलेय. मोटरसायकलसुद्धा." आज्जी हा शब्द तिने नातीकडून उचलला होता, आणि मोटरसायकलचं नाव काढताना तिचा आवाज बदलला होता.

राहायचं तर कामाचं परमिट हवं. परमिटसाठी कोणीतरी दोन वर्षांची नोकरी देऊ करायला हवी. आणि जिचा व्हिसा वर्षाचा, तिला दोन वर्षांची नोकरी कोण देणार? नोकऱ्यांच्या जाहिरातींत खाली लिहिलेलंच असायचं, परवानगी आधीपासून असेल तरच अर्ज करा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. मी तिला ही म्हण माझ्या शाळामास्तरणी इंग्रजीत समजावून सांगितली. ती इतकी हसली की नळीतून पाणी उलटं आलं.

त्या घरात शिक्क्यांची उतरंड होती. नात तिथेच जन्मलेली, तिचा पासपोर्टच आयरिश, ती महाराणी. लेक-जावई स्टॅम्प फोरवाले, म्हणजे कुठेही नोकरी करा, कोणी विचारणार नाही. त्या मुलीचा स्टॅम्प वन, आणि त्या देशात एक नंबर म्हणजे खालचा. सगळ्यांच्या खाली मी. पाहुणी.

"म्हणजे रजेच्या जागेवर आहेस तू!" मी एक दिवस तिला म्हणाले.

तिला काय कळणार? मग मी तिला त्या दुसऱ्या मुलीची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. ती मुलगी म्हणजे मीच, पण आता तिच्याशी माझा फारसा संबंध उरलेला नाही, त्यामुळे बिनधास्त बोलता येतं.

तेवीस वर्षांची, दोन वेण्या पुढे घेणारी, इस्त्रीच्या साडीत चालताना आपल्याला कोणीतरी बघतंय असं समजणारी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून हिला हायस्कुलात घेतलं. गणित आणि भूगोल. या नव्या बाई पहिल्याच दिवशी घरून स्वतःचा कप घेऊन गेल्या. निळ्या फुलांचा. शिक्षक खोलीत भिंतीला खिळ्यांची रांग होती, त्यातल्या एका मोकळ्या खिळ्याला तो अडकवला, आणि मागे सरकून असा बघितला की जणू गडावर निशाण लावलं. तो खिळा मोकळा का होता, हा प्रश्न त्या बुद्धीला पडला नाही. रजेवर गेलेल्या बाईंचाच होता तो!

पुढे बाईंची रजा वाढली. मुख्याध्यापकांना हिने विचारलं, "सर, माझं कायमचं काही?" ते खडू झटकत म्हणाले, "बघू." हिने त्या 'बघू'वर आख्खं घर बांधलं. ठरवलं, आपण एक दिवसही गैरहजर राहायचं नाही. आपल्यावाचून शाळेचं पान हलता कामा नये. दुसऱ्यांचे तास घेतले, स्नेहसंमेलनाचे पडदे शिवले, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवलं. गालफुगी झाली तेव्हासुद्धा ही बया मफलर बांधून हजर. आठवड्याभरात पाचवीचा आख्खा वर्ग मफलरमध्ये. मग मुख्याध्यापक. त्यांचे गाल न रागावता फुगलेले मी त्या एकदाच पाहिले.

"आणि मग नोकरी कायम झाली?" अर्जेंटिनाच्या मुलीने विचारलं.

"छे! एका सोमवारी त्या बाई परत आल्या. बाळसं धरलेल्या. म्हणाल्या, माझा खिळा कुणी घेतला?"

मग हिने आपला कप वर्तमानपत्रात गुंडाळला, रडत रडत स्टँडवर गेली, आणि एसटीत चढताना तो हातातून पडला. कंडक्टर म्हणाला, "ताई, आवाज आला, काही फुटलं काय?" ती म्हणाली, "नाही." इतकी मानी. खाली बघितलंसुद्धा नाही.

मार्चमध्ये तिथे सगळं बंद झालं. विमानं थांबली. माझी तीन महिन्यांची परवानगी संपत आली. पण सरकारने जाहीर केलं की ज्यांच्या परवानग्या संपतायत त्या सगळ्यांच्या आपोआप वाढल्या. माझीही आणि पुढे तिचीही. मग हे पुन्हा पुन्हा होत गेलं. मुदत जवळ आली की ती रोज सरकारची वेबसाइट उघडून बघायची, आणि एक दिवस टेबलावरून ओरडायची, "आज्जी! वाढली!" मी शिरा करायला घ्यायचे. त्या दीड वर्षात त्या घराने किती शिरा खाल्ला त्याची मोजदाद नको. जावई म्हणायचे, "आई, सरकारला कळवा, पुढच्या वेळी जरा कमी मुदत वाढवा, म्हणजे शिरा लवकर मिळेल."

सुट्टीच्या व्हिसावर आलेल्या त्या पोरीने आयर्लंड पाहिलं ते एवढंच: घरापासून दोन किलोमीटर, मग पाच किलोमीटर. एक मोठी बाग, एक नदी, सुपरमार्केटसमोरची रांग. खोलीच्या भिंतीवर तिने पश्चिमेच्या समुद्रकड्यांचं चित्र लावलं होतं. ते बघत ती झोपायची.

मातेची रीत अशी की तो भोपळा एकाने भरायचा आणि सगळ्यांनी त्याच नळीने आळीपाळीने प्यायचं. घरातल्या, ओळखीच्या, पाहुण्या, सगळ्यांनी. तिने सुरुवातीला एकदा मोठ्या प्रेमाने माझ्यापुढे धरला. मी उष्ट्याच्या विचाराने मागे सरकले तेवढ्यात लेक किंचाळली, "आई, कोविड!" मुलीने जीभ चावून भोपळा मागे घेतला. कोविडने जगाचं वाटोळं केलं, माझं सोवळं मात्र राखलं. पण त्यानंतर ती एकटीच प्यायची, आणि एकट्याने प्यायची ती वस्तू नव्हे हे मला दिसत होतं.

त्या वर्षी गणपतीची मूर्ती मिळाली नाही. लेकीने पाटावर तांदूळ घातले, त्यावर सुपारी ठेवली, जास्वंद नव्हती म्हणून लाल गुलाब वाहिला. अर्जेंटिनाची मुलगी बघायला आली.

"हा तुमचा देव?"

"देवाच्या जागी," जावई म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टर समज. खरे साहेब येईपर्यंत."

"पूजा पूर्ण करता?"

"पूर्ण. नैवेद्यसुद्धा."

"आणि नंतर?"

सुपारीचं नंतर काय होतं हे त्या पोरीला कोण सांगणार? मी म्हणाले, "ही आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवणार." अशी पद्धत आमच्याकडे बिलकूल नाही. पण ठेवली. लेक डोळे मोठे करून बघत राहिली, मी तिकडे बघितलंच नाही.

रोज सकाळी तिला डेअऱ्यांचे फोन यायचे. त्यातला एक पश्चिमेकडच्या एनिस गावच्या बाजूचा, एका छोट्या डेअरीतला म्हातारा. त्याचे आकडे कधी जुळत नसत, कारण तो टँकरवाल्याच्या चिठ्ठीऐवजी स्वतःच्या आठवणीवर विसंबायचा. त्याचं इंग्रजी तिला कळायचं नाही, तिचं त्याला नाही. पण तो फोन ठेवायचा नाही. आधी पाऊस, मग गुडघा, मग दूध. कंपनीतले बाकीचे त्याचा नंबर दिसला की चहाला उठायचे. ही ऐकायची. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मीही पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. त्याला एकदा मी मागून म्हणाले, "हळदीचा लेप लावायला सांग." तेव्हापासून तो रोज विचारायचा, "तुझ्या घरातली डॉक्टरीण कशी आहे?"

कंपनीत तिचा एक साहेब होता, चाळिशीतला, गोड बोलणारा. नात तिथल्या पद्धतीने कोणत्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणते, म्हणून आम्हीही त्याला युअर मॅनच म्हणायचो. दर तीन महिन्यांनी ती त्याला विचारायची, "मला दोन वर्षांची नोकरी देता येईल का?" आणि तो म्हणायचा, "तू फार छान काम करतेस. यू आर ग्रँड. पुढच्या तीन महिन्यांत बघू." करार पुन्हा तीन महिन्यांचा.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात असं पुन्हा झालं. लॅपटॉप मिटून ती टेबलाशी बसून राहिली. भोपळ्यातलं पाणी गार झालं. सरकारने मुदत सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, पण या खेपेला शिऱ्याची कोणाला हौस नव्हती. कधीतरी ती वाढ थांबणार, आणि दोन वर्षांचं काम हातात नसेल तर तिला बॅग भरावी लागणार.

"अजून काय करू, आज्जी? एक दिवस सुट्टी घेतली नाही. ताप होता तेव्हाही लॉग इन केलं."

आणि मला ती दिसली. मफलरवाली. दोन्ही गाल फुगवून, माझ्याचसमोर, लोकरीचे मोजे घालून बसलेली.

"मूर्ख आहेस," मी म्हणाले. म्हणजे दोघींना म्हणाले.

"काय?"

"कधीच गैरहजर नसलेल्या माणसाची आठवण कोण काढणार? आठवण काढायला माणूस आधी जावा लागतो. तुझ्या व्हिसावर काय लिहिलंय? सुट्टी. घेतलीस? आता गावाबाहेर जायला मोकळीक झालीय. जा समुद्र बघायला. आठवडाभर."

"कॉन्ट्रॅक्टरला सुट्टीचे पैसे मिळत नाहीत."

"नाही तर नाही. लॅपटॉप घरी ठेवायचा. माझ्या ताब्यात."

तिने दोन दिवस विचार केला. मग जूनमध्ये खरंच आठवड्याची रजा मागितली. युअर मॅन म्हणाला, "अर्थात! तू सुट्टी घ्यायलाच हवी." ते ऐकून ती अजून घाबरली, कारण त्याला काहीच अडचण वाटली नव्हती. जायच्या आधी तिने कामाचं सगळं लिहून दिलं, कोणता आकडा कुठे बघायचा, कोणत्या डेअरीला काय विचारायचं. शनिवारी सकाळी पाठीवर पिशवी, पिशवीत भोपळा आणि थर्मास. बसने क्लेअरकडे, त्या चित्रातल्या कड्यांच्या बाजूला. लॅपटॉप मी प्रेसमध्ये ठेवला. प्रेस म्हणजे तिथलं कपाट. भाजणीच्या रिकाम्या डब्यामागे.

सोमवारी मला वाटलं, दहा वाजेपर्यंत तिकडे हाहाकार माजेल. माजला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी जावयांना म्हणाले, "काही कळलं का हो?"

"कसं कळणार, आई? कंपनी तिची आहे."

लेकीला मात्र सगळं कळलं होतं. "आई, खरं सांग, तू तिला सुट्टी घे म्हणालीस?"

"ती मोठी आहे. तिची ती गेली."

"आई."

"बरं, म्हणाले."

"अगं, इथे करार सहज संपवतात. आठवडाभर तिच्याशिवाय भागलं, तर त्यांना कळेल ना की भागतं! तुझ्या त्या शाळेचं शहाणपण इथे कशाला आणलंस?"

बुधवार, गुरुवार मी खाली मान घालून स्वयंपाक केला. भाजी खारट झाली तरी कोणी बोललं नाही, यावरून घरातल्यांना माझी किती काळजी वाटत होती ते कळावं. खरं म्हणजे तिने सगळं इतकं नीट लिहून ठेवलं होतं की काही बिघडायला वावच नव्हता. आपल्यावाचून अडू नये अशी तजवीज करून गेलेली माणसं परत बोलावली जातात का? मफलरवालीला हा प्रश्न कधी पडला नाही. मला सत्तरीत पडला, आणि तोही दुसरीच्या नोकरीवर.

शनिवारी दुपारी ती परतली. नाक सोललेलं, केसांत मीठ. मी दार उघडलं तर हातात लोण्याचा एवढा मोठा गोळा, कागदात गुंडाळलेला.

"हे कुठून?"

"म्हाताऱ्याकडून. तुमच्यासाठी. डॉक्टरणीसाठी."

मग तिने बसून सांगितलं. दोन दिवस कड्यांवर पाऊस होता, काही दिसलं नाही, फक्त वारा. तिसऱ्या दिवशी दिसले. भिंतीवरच्या चित्रापेक्षा राखाडी होते, तिला चित्रापेक्षा आवडले. मग एनिसला आली. म्हातारा दीड वर्ष सांगत होता, इकडे आलीस तर चहाला ये. तिथे लोक असं म्हणतात, त्याचा अर्थ यायचंच असं नसतं. पण हिला कुठे ठाऊक? ही गेली! अंगणात खुर्ची टाकून बसली. म्हाताऱ्याने चहा केला, हिने माते केलं. अंगणात मोकळी हवा होती, आणि म्हाताऱ्याला सोवळं नव्हतं. त्याने नळी तोंडाला लावली आणि म्हणाला, सायलेजसारखं लागतंय, अजून दे. सायलेज म्हणजे तिथला गुरांचा मुरवलेला चारा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. युअर मॅन! हिचं काम त्या आठवड्यात तोच करत होता आणि म्हाताऱ्याचे आकडे काही जुळत नव्हते.

"मग?" लेक, जावई आणि मी एकदम.

"म्हातारा त्याला म्हणाला, तुमची मुलगी इथे माझ्या अंगणात बसलीय. सुट्टीवर आहे. तिला त्रास द्यायचा नाही. सोमवारी ती येईल तेव्हा माझे आकडे ती बघेल. आणि फोन ठेवला." ती लोण्याच्या कागदाची घडी घालत, उलगडत बसली होती. "आता काय होणार माहीत नाही. कदाचित तो चिडला असेल."

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप काढून दिला. ती मीटिंगला बसली, आणि आम्ही तिघं कामं असल्यासारखे स्वयंपाकघरात. जावई तर धुतलेला कप पुन्हा धुवत होते. युअर मॅन म्हणाला की आठवडाभर ज्या डेअरीला फोन केला तिथे पहिला प्रश्न एकच होता, ती कुठे गेली? तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत होतो की सुट्टीवर आहे. चौथ्यांदा सांगताना मला वाटलं, कॉन्ट्रॅक्टर सुट्टीवर जात नाहीत, फक्त निघून जातात. आणि ती निघून गेलीय असं या लोकांना सांगायची वेळ आली तर मी काय सांगणार?"

दोन वर्षांच्या नोकरीचं पक्कं व्हायला आणखी महिना गेला, वरच्या साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले. तो महिना मी शिऱ्याचा रवा भाजून तयार ठेवला होता. पक्कं झालं त्या दिवशी तिने टेबलावरून ओरडून सांगितलं नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "तूप काढ." कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

पण परमिटसाठी आधी देशाबाहेर जा आणि तिथून ये, असं तिला सांगण्यात आलं. म्हणजे एकदा निघावं लागणारच होतं. ऑगस्टमध्ये तिने खोली आवरली. कड्यांचं चित्र नातीला दिलं. जेवणं झाल्यावर मी पाहिलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं भोपळा वर्तमानपत्रात गुंडाळायचं चाललं होतं. निळ्या फुलांच्या कपाला होती तशीच घडी, तसाच दोन्ही बाजूंना पीळ.

"तो इथे ठेव," मी म्हणाले.

"आज्जी, मग तिकडे पिऊ कशात?"

"आईच्या घरी नाहीये एकही?"

"आहेत ना. भरपूर."

"मग?"

"आणि परमिट नाहीच आलं तर?"

"नाही आलं तर लेक पोस्टाने पाठवेल. पण जो माणूस परत येणार असतो, तो आपला कप बरोबर नेत नाही. ज्या बाई बाळंतपणाहून आल्या ना, त्यांचा कप आख्खी रजाभर शिक्षक खोलीच्या कपाटात होता. मी रोज बघत होते, मला अक्कल आली नाही."

तिने कागद सोडवला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यात पाला भरला, पाणी घातलं, स्वतः पहिला घोट घेतला आणि नळी माझ्याकडे वळवली. लेक तिथेच होती. या वेळी ती काही किंचाळली नाही. मी घेतला. कारल्याच्या पाण्यात गवत भिजवलं तर तसं लागेल. "सायलेज," मी म्हणाले, आणि अजून एक घोट घेतला. मग तो धुऊन, कोरडा करून, मी प्रेसमध्ये चहाच्या डब्याशेजारी ठेवला. नळी आत उभी.

विमानतळावर जाताना तिच्या हातावर दही घातलं. ती चाटून म्हणाली, "ग्रँड."

ऑक्टोबरात माझंही तिकीट झालं. ती अजून यायची होती, परमिटचं काम चालू होतं म्हणे. बॅग भरताना लेक म्हणाली, "आई, तुझा स्टीलचा पेला राहिला बघ वर." मी म्हटलं, "असू दे."

थंडीत एक दिवस पुण्यात सकाळी लेकीने फोनवर फोटो पाठवला. खाली एक अक्षर नाही. प्रेसचं दार उघडं, चहाचा डबा, माझा पेला, आणि त्या दोघांच्या मधे भोपळ्याएवढी रिकामी जागा. फोटोच्या कोपऱ्यात लोकरीच्या जाड मोज्यातलं एक पाऊल.

मी रवा भाजायला घेतला.